मालकांचं पोट

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून आकाराम चौगुले निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि कुत्र्याचं एक पिल्लू मिळालं. शाल आणि नारळ कंपनीनं दिला. पिल्लू मोल्डिंगमधल्या कामगारांनी दिलं. गेटवरची जुनी कुत्री ट्रकखाली गेली होती आणि तिचं हे एकटं मागं राहिलेलं लेकरू, बिडाच्या ओतकामासारखं काळपट करड्या रंगाचं, वॉचमनच्या खोलीत पोत्यावर पडून असायचं. कामगारांचं म्हणणं असं की आण्णांच्या हातचं खाल्ल्याशिवाय ते काही जगायचं नाही. आकारामना सगळे आण्णाच म्हणत.

कामगारांच्या म्हणण्याला कारणही होतं. आण्णांना माणसांना खायला घालायचं वेड होतं. डबा त्यांचा एकट्याचा, पण त्यात हात घालणारी चार माणसं ठरलेली. भावकीत कुणाचं लग्न निघालं की वाढायला आण्णाच. ते जिलेबीचं ताट घेऊन निघाले की पाहुणे पानावर दोन्ही हात आडवे धरून बसायचे, आणि आण्णा बोटांच्या फटीतून जिलेबी सोडायचे. जेवणारा पोट धरून उठला नाही तर आण्णांना त्या दिवशी झोप लागायची नाही.

पिल्लू शालीत गुंडाळून ते राजारामपुरीत घरी आले. बायकोनं, म्हणजे शालनवहिनींनी, आधी शाल बघितली, मग शाल हलली तशी त्या दोन पावलं मागं सरल्या. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, हे काय घेऊन आलात, एवढंच त्या म्हणाल्या आणि जुनी सतरंजी शोधायला आत गेल्या.

नावाचा प्रश्न आण्णांनी वाटेतच सोडवला होता. सगळी नोकरी त्यांनी कंपनीच्या विजयसिंह मालकांपुढं मान खाली घालून काढली होती. माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की भट्टीचा पंखा चालू असतानाही या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. आण्णा बायकोला म्हणाले, "जल्मात एकदा तरी मला मालकाला 'बस खाली' म्हणायचं हाय." म्हणून पिल्लाचं नाव मालक पडलं. पण सवय इतकी अंगात भिनलेली की हाक मारताना त्यांच्या तोंडून 'मालक, या की हिकडं' असंच यायचं. मग गल्लीही पिल्लाला अहो-जाहो करायला लागली.

आणि आल्याच्या आठवड्यातच मालकांचं पोट बिघडलं.

बिघडेल नाही तर काय? सकाळी म्हशीच्या सायीच्या दुधात कुस्करलेली भाकरी, दुपारी आमटीभात, संध्याकाळी बिस्किटं, रविवारी मटणाच्या रश्शाची वाटी, तीही 'तिखट कमी करून'. एवढ्याशा जीवाचं पोट ढोलकीसारखं टणक व्हायचं आणि मग पाण्यासारखं वाहायचं. सतरंजी धुवून धुवून शालनवहिनींच्या हाताची सालटं निघाली. मग उपचार सुरू झाले. जिन्यासमोरच्या खोलीत आण्णांची थोरली बहीण आक्का राहायची, तिनं जायफळ उगाळून दिलं. खाली चन्नाप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं, त्यांनी साबुदाण्याची पेज सांगितली. चन्नाप्पांची बायको दानेश्वरी ताकात जिरं घालून घेऊन आली. आण्णांनी आयुष्यात कुणाचा शब्द मोडला नव्हता, त्यामुळे मालकांना हे सगळं एकाच दिवशी मिळालं. दुसऱ्या दिवशी मालक उठेचनात.

राजारामपुरीतच, एका कोचिंग क्लासच्या खाली, डॉ. प्रियदर्शनींचा जनावरांचा दवाखाना होता. फोनवर त्या म्हणाल्या, पिल्लाला घेऊन या आणि संडासचा नमुनाही आणा. नमुना न्यायचा कशात? घरात रिकामी वस्तू एकच होती, निवृत्तीच्या दिवशी वाटलेल्या पेढ्यांचा बॉक्स. आण्णांनी आत प्लॅस्टिकचा कागद घातला, वरून दोरा बांधला आणि एका हातात मालक, दुसऱ्या हातात बॉक्स असे ते रिक्षात बसले.

रिक्षावाला बोलका निघाला. आरशातून बॉक्सकडं बघत त्यानं विचारलं, नातू झाला का नात. आण्णा म्हणाले, तसलं काही नाही. रिक्षावाल्याला वाटलं, माणूस चिकट आहे.

"पावणं, येक पेढा दिला म्हणून काय कमी पडत न्हाय," तो म्हणाला.

आण्णांना उभ्या जन्मात कुणी चिकट म्हटलं नव्हतं. त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी बॉक्समध्ये काय आहे ते स्पष्ट सांगितलं. त्यानंतर खड्डा आला की रिक्षावाला गाडी नवरीची पालखी नेल्यासारखी हळू न्यायला लागला.

डॉ. प्रियदर्शनी वयानं लहान, बोलायला सरळ. पिल्लू तपासून त्यांनी विचारलं, नेमकं कसं होतंय, पाणी, का चिकट, का मऊ. आण्णांना एवढ्या बारकाईनं सांगायचे शब्द सापडेनात. मग त्यांनी आपल्या धंद्यातली भाषा काढली. फौंड्रीत साच्याची वाळू बरोबर भिजली आहे का हे ते मुठीत दाबून ओळखत.

"वाळूत पाणी जादा झालं की कसं, मुठीत दाबली तर गोळा हुतोय, पर खाली ठेवली की बसती," आण्णा म्हणाले. "तसं हाय बगा. साचा धरत न्हाय."

डॉक्टरांना हे फार पटलं. नमुन्यात जंत निघाले, त्याचं औषध दिलं. जायफळाचं ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा घरात कुणी काही उगाळायचं नाही अशी ताकीद दिली. जंत गेले, तरी महिनाभर पोटाचं रडगाणं चालूच राहिलं. दोन दिवस बरं, तीन दिवस वाईट. अंग धरेना, बरगड्या दिसायला लागल्या. मग डॉक्टरांनी शालनवहिनींनाही बोलावून घेतलं आणि नीट समजावलं. आतडं नाजूक झालंय. आता रोज नवीन काही नको. एकच मांस, एकच धान्य. बिनकातड्याची कोंबडी नुसत्या पाण्यात उकडायची, मऊ शिजवलेला भात, चमचाभर उकडलेला लाल भोपळा. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही, दूध तर अजिबात नाही. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. आणि त्यावर कुत्र्यांसाठी येणारी एक पावडर.

पावडर कशाची, असं शालनवहिनींनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, पोटात चांगले जंतूही असतात, ते याच्या पोटातून कमी झालेत, ते परत घालायचे. दुधाला विरजण लावता तसंच समजा. शालनवहिनींना ते लगेच कळलं. आण्णांना निम्मंच कळलं. त्यांनी घरी जाऊन वाफाळत्या भातावर पावडर भुरभुरली आणि चार दिवस गुण येत नाही म्हणून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी भात गरम असतो का विचारलं. असतो, गारढोण कुणाला कसं वाढायचं, असं आण्णा म्हणाले.

"आण्णा, उकळत्या दुधात विरजण घालता का?" डॉक्टर म्हणाल्या. "मरतात ते सगळे."

हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, असं शालनवहिनी मागून मोठ्यानं म्हणाल्या, म्हणजे फोनमध्ये ऐकू जावं.

पावडरचं जमलं, पण वाटीचं जमेना. डॉक्टरांनी सांगितलेला तो मूठभर भात बघून आण्णांना कसंतरी व्हायचं. मालक दोन घासांत वाटी चाटून पुसून लख्ख करायचे आणि मग आण्णांच्या तोंडाकडं बघत बसायचे. दारात आलेला पाहुणा अर्ध्या पोटी उठवावा तसं आण्णांना लाजल्यासारखं होई, आणि ते तोंड फिरवून गॅलरीत जाऊन उभे राहत.

तरी गुण आला. एके सकाळी समोरच्या मोकळ्या प्लॉटातून आण्णा जवळजवळ पळतच आले आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी वर गॅलरीत बायकोला सांगितलं की मालकांनी साचा धरला. चन्नाप्पा ज्वारी मापत होते, ते माप खाली ठेवून बाहेर आले. आक्कानं दारातूनच हात जोडले. मालक काही झालंच नाही अशा थाटात पायरीवर बसून कान खाजवत होते.

त्याच दुपारी फौंड्रीतून कृष्णातचा फोन आला. कृष्णात आण्णांचा जुना जोडीदार, त्याला पिल्लाची काळजी असायची. भट्टीचा आवाज म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता. मालकांचं कसं काय, असं त्यानं विचारताच आण्णा भरभरून बोलले.

"मालक आता ठणठणीत हायत. दूध बंद केल्यालं लई बरं झालं. पयलं जितं बसतील तितं करत हुते, आता भाईर जाऊन करत्यात."

पलीकडून एक आवाज आला, कोण बोलतंय म्हणून. तो आवाज भट्टीच्या वर ऐकू येणारा होता. आण्णा गॅलरीत खुर्चीवर होते ते ताडकन उठून उभे राहिले, आणि हातात फोन असूनही त्यांनी मान खाली घातली. कृष्णातनं चाचरत सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या पावडरीचं आणि कुत्र्याच्या नावाचंही. मग विजयसिंहांनी स्पीकर बंद केला, फोन घेऊन ते बाजूला गेले आणि आण्णांनी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, ती पावडर कुठल्या डॉक्टरची. आण्णा म्हणाले, साहेब, डॉक्टर जनावरांच्या आहेत. विजयसिंह म्हणाले, असू दे, पण दूध बंद केल्याचा फरक पडतो म्हणतोस? आण्णांनी पडतो म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून मालकांबद्दलची, म्हणजे माणसातल्या मालकांबद्दलची, आण्णांची भीती जी गेली ती गेलीच.

सगळं असं सुरळीत लागलं असताना पोट पुन्हा ढासळलं. कोंबडी तीच, भात तोच, पावडर गार भातावर, आणि सतरंजी पुन्हा दोरीवर. डॉक्टर म्हणाल्या, कुणीतरी काहीतरी घालतंय. आण्णांनी गळ्याची शपथ घेतली. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, घरात नसेल, गल्लीत बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी नेहमीप्रमाणं मालकांना दाराबाहेर सोडलं आणि स्वतः अनवाणी, जिन्याच्या वळणावर भिंतीला चिकटून उभे राहिले. मालक आधी आक्काच्या दाराशी गेले आणि पंजानं एकदाच दार खाजवलं. दार बोटभर उघडलं, आतून चहाची बशी बाहेर आली, बशीत खारीचा तुकडा. ती संपवून मालक खाली उतरले. दानेश्वरीची पूजा आटोपली होती. ती दारात आली, आणि मालकांनी तिच्या तळहातावरून दूध-केळ्याचा प्रसाद मोठ्या भक्तिभावानं चाटून घेतला. तिथून दुकान. चन्नाप्पांनी गुळाच्या ढेपेचा खडा मोडला, एक आपल्या तोंडात टाकला, एक मालकांच्या. फेरी संपवून मालक वर आले आणि काल दुपारपासून कडक उपास असल्यासारखा चेहरा करून आपल्या वाटीपुढं बसले.

संध्याकाळी आण्णांनी तिघांनाही आक्काच्या खोलीत एकत्र बसवलं आणि विचारलं, तुम्ही ह्याला खायला घालता काय. तिघांनीही ठाम नाही म्हणून सांगितलं, आणि तिघंही खोटं बोलत नव्हते. आक्काच्या मते चहा हे खाणं नव्हतंच, ते नुसतं तोंड ओलं करणं. चन्नाप्पा म्हणाले, गुळाचा खडा तर मी गिऱ्हाइकालाही चव बघायला देतो. दानेश्वरीला तर प्रश्नच कळला नाही.

"परसाद हाय की तो, आण्णा," ती म्हणाली. "परसादाला कुणी खाणं म्हंतंय व्हय?"

आण्णांचा आवाज चढायला लागला, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या शालनवहिनी बोलल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही रोज दुपारी ताटातलं बोट त्याला चाटवता, ते काय असतं. आण्णा तडक म्हणाले, बोट चाटवणं म्हणजे खायला घालणं नव्हे. म्हणाले, आणि आपलंच वाक्य ऐकून त्यांनी ते बोट मुठीत लपवलं. चन्नाप्पांनी उगीचच आक्काची रिकामी बशी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी हे सगळं न हसता ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, पोट एवढंसं आहे, त्याला चहा आणि प्रसाद यातला फरक कळत नाही, सगळं बंद करा. आण्णा 'व्हय' म्हणून उठले खरे, पण वाटेत त्यांचा पाय जड झाला. चन्नाप्पांना सांगणं सोपं होतं. आक्काला कसं सांगायचं? तिची दोन्ही मुलं लांब, गुडघ्यांमुळं जिना उतरणं बंद. तिच्या दारावर सकाळी पंजा वाजायचा तेव्हाच तिचा दिवस उजाडायचा. दार बोटभर उघडून बाहेर आलेला तो हात आण्णांनी जिन्यातून बघितला होता. लहानपणी आईच्या नकळत असाच हात फडताळामागून त्यांच्यापुढं यायचा, मुठीत शेंगा नाही तर गुळाचा खडा. खायला घालायचं हे वेड त्यांनी कुणाकडून घेतलं होतं हे त्यांना त्या जिन्यातच कळलं होतं.

ते अर्ध्या वाटेतून दवाखान्यात परत गेले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, दिवसाचं जेवढं ठरलंय तेवढंच द्यायचं, पण चार हातांनी दिलं तर चालेल का. डॉक्टरांनी थोडा विचार केला. बाहेरचा कणही जाणार नसेल तर चालेल, त्या म्हणाल्या.

मग रोज सकाळी शालनवहिनी एकदाच शिजवायच्या आणि स्टीलच्या छोट्या डब्यांत वाटणी व्हायची. आक्काचा एक डबा. ती आपला चहा प्यायची आणि बशीत चहाऐवजी कोंबडी-भात घालून दाराबाहेर सरकवायची. पहिले दोन दिवस मालकांनी बशी हुंगून आक्काकडं असं बघितलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्याला च्याबिगर करमायचं न्हाय, असं ती म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून त्याला चांगलं करमायला लागलं.

दानेश्वरीकडं अडचण आली. लिंगायताचं घर, उंबऱ्याच्या आत कोंबडीचा वास चालायचा नाही. तिच्या डब्यात नुसता भात आणि लाल भोपळा ठेवला, आणि पावडर घालायचं काम तिच्याकडं दिलं. तिच्या हातचं कधी चुकलं नाही. पूजा झाल्यावर ती भस्म घेतात तशी तीन बोटांत पावडर घ्यायची, गार भातावर सोडायची, आणि मगच डबा खाली ठेवायची. आता तिच्या मनाचंही समाधान होतं आणि मालकांच्या पोटाचंही. चन्नाप्पांनी घालायचं सोडून मापायचं काम घेतलं. दर सोमवारी दुकान उघडल्यावर पहिलं वजन मालकांचं. मालक तराजूवर गुळाच्या ढेपेसारखे गच्च बसून राहायचे आणि गिऱ्हाईक ताटकळायचं.

आण्णांनी दुपारी जेवताना मालकांकडं पाठ करून बसायला सुरुवात केली. सगळ्यात अवघड काम तेच होतं.

हळूहळू बरगड्या झाकल्या गेल्या, केसांना चकाकी आली. वाढत्या वयात नुसत्या कोंबडी-भातावर भागत नाही म्हणून डॉक्टरांनी नाजूक पोटाच्या पिल्लांसाठी असतं ते कोरडं खाणं सुरू करायला सांगितलं, तेही एकदम नाही. आधी चिमूटभर मिसळून, मग मूठभर, मग निम्मं. प्रत्येक वाढीला गल्लीचा जीव टांगणीला लागायचा, आणि प्रत्येक वेळी समोरच्या प्लॉटातून चांगलीच बातमी यायची.

पुढं बैलांचा सण, कर्नाटकी बेंदूर आला. दानेश्वरीनं मातीचे बैल पाटावर मांडले, त्यांच्यापुढं तुपानं निथळणाऱ्या पुरणपोळ्यांचा निवद ठेवला आणि ती उदबत्ती आणायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा ताट लख्ख होतं. एका बैलाचं शिंग मोडलं होतं, आणि मालक दुसऱ्या बैलाच्या तोंडाला लागलेलं तूप चाटत होते.

दानेश्वरी बैलासाठी नाही, पोटासाठी घाबरली. आण्णा ताबडतोब दवाखान्यात फोन करायला धावले. डॉक्टर म्हणाल्या, आजची रात्र उपाशी ठेवा, पाणी भरपूर द्या, उद्या बघू. त्या संध्याकाळी कुणाचं कुणाशी बोलण्यात लक्ष नव्हतं. सकाळी मालक प्लॉटाकडं निघाले तेव्हा मागं आण्णा होते, शालनवहिनी होत्या, चन्नाप्पा एका गिऱ्हाइकाचे तांदूळ अर्धे मापून तसेच आले होते, आणि आक्का वरच्या खिडकीच्या गजांना धरून उभी होती. मालकांनी सगळा प्लॉट सावकाश हुंगला. एक जागा पसंत केली, सोडली, दुसरी धरली. आण्णा पुढं जाऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग कंबरेला हात देऊन सरळ झाले.

"झ्याक हाय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

चन्नाप्पा तांदळाकडं परत गेले. दानेश्वरीला इतका आनंद झाला की उरलेल्या पुरणपोळ्यांचा सगळी चवडच तिनं वर पाठवून दिली. आण्णांनी मोठ्या समाधानानं, मालकांकडं पाठ करून, एकामागून एक पोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर दूध प्याले. दुपारी ते पोट धरून कॉटवर आडवे झाले. मालकांचा भात शिजलेलाच होता. शालनवहिनींनी तोच मऊ भात वाढला, त्यावर लाल भोपळा ठेवला, मीठ घातलं नाही, आणि ताट आण्णांच्या पुढं सरकवलं. मालक कॉटखालून बाहेर आले, समोर येऊन बसले, आणि आण्णांच्या प्रत्येक घासाबरोबर त्यांची मान वर-खाली व्हायला लागली.